२ फुटी रीफ टाकीवरून ४ फुटी टाकीवर जाताना नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने?

खारं_पाणी

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ६० × ४० × ४५ सेंमीची खाऱ्या पाण्याची टाकी व्यवस्थित स्थिरावलेली आहे. मापाने १०८ लिटर, दगड-वाळू वजा जाता पाणी ८५-९० लिटर. मागे टांगायचा फिल्टर, सम्प (टाकीखालची गाळणीची टाकी) नाही. ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक क्लीनर कोळंबी. प्रवाळं सगळी मऊ: झोअँथिड, मशरूम, टोडस्टूल लेदर, ग्रीन स्टार पॉलिप. दगडावर कोरलाइन (दगडावर कवचासारखं चढणारं जांभळट शेवाळ) भरपूर आहे, त्यामुळे अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची पातळी, ती डीकेएचमध्ये मोजतात) दिवसाला ०.३ डीकेएचने उतरते आणि तेवढा टू-पार्टचा (कॅल्शियम आणि अल्कलिनिटी भरून काढणाऱ्या दोन द्रावणांचा) डोस रोज जातो. नायट्रेट १५ पीपीएम (दहा लाखांत भाग), फॉस्फेट ०.०८ पीपीएम, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच.

आता १२० × ६० × ५० सेंमीची टाकी आणि खाली ७५ × ४० × ४० चा सम्प करायचा आहे. नवी टाकी दुसऱ्या भिंतीला येईल, म्हणजे काही आठवडे दोन्ही टाक्या शेजारी चालवणं शक्य आहे. प्रश्न असे: जुना दगड नेला तर सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होईपर्यंत टाकी नुसती चालवणं) पुन्हा करावी लागते का? जुनी वाळू न्यायची का? सगळं एका दिवसात हलवावं की हळूहळू? आणि निळा टँग (हेपाटस टँग मासा) या मापात चालेल का? घरातून त्याचीच मागणी आहे.

प्रवाळवेडा

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एका दमात देतो. दगड न्या, वाळू नेऊ नका.

अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात जवळजवळ नसतातच, ते दगडाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत चिकटलेले असतात. जुना दगड ओला ठेवून हलवला, तर सध्याच्या माशांचा भार पेलणारी यंत्रणा जशीच्या तशी नव्या टाकीत जाते. मासे तेवढेच असतील तर सायकल नव्याने करायची गरज नाही. दगड काही मिनिटं हवेत राहिला तर जिवाणू मरत नाहीत, पण दगडावरचे स्पंज मरू शकतात. म्हणून टबात बुडवूनच न्यायचा.

वाळूचं उलटं आहे. स्थिरावलेल्या टाकीत वाळूखाली विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं शेवाळ यांचा गाळ साठलेला असतो. हलवली नाही तोवर ती निरुपद्रवी. उपसली की तो सगळा गाळ एकदम पाण्यात येतो आणि अमोनिया चढतो. खालचा थर काळा असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. टाकी हलवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे मेल्याच्या ज्या हकिकती वाचायला मिळतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी जुनी वाळू असते.

नवी अॅरागोनाइट वाळू घ्या. १२० × ६० वर ३ सेंमी थर म्हणजे साधारण २१ लिटर, वजनात ३०-३२ किलो. सूक्ष्म जीवांसाठी जुन्या वाळूच्या वरच्या थरातली एक वाटी पुरे.

बीम_कॉलम

जिवाणू वगैरे तुम्ही बघा, मी आधी वजन मांडतो. टाकी आणि सम्प दोन्ही मिळून पाणी साधारण ३६५ किलो. १२ मिमी काच ७५ किलो. दगड ३०, वाळू ३०, स्टँड ५०-६०, सम्पची काच १५-२०. झाले पावणेसहाशे किलो. हे सगळं ०.७२ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो.

निवासी खोलीसाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) मध्ये धरलेला भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास आहे. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण तो आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे आणि टाकी खोलीचा छोटा भागच व्यापते. पण जागा निवडताना खोलीच्या मध्याला किंवा बाल्कनीच्या कॅन्टिलिव्हरवर टाकी नको. ज्या भिंतीखाली बीम आहे त्या भिंतीला लांब बाजू लावा, जमेल तितकं कॉलमजवळ. इमारत जुनी असेल, किंवा खालच्या मजल्यावर छताला ओल, गंजलेली सळई दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटो पाहून इथे कोणी 'चालेल' म्हटलं तर त्यावर विसंबू नका, मी म्हटलं तरी.

स्टँडला ४० × ४० मिमीची एमएसची (साध्या पोलादाची) चौकोनी नळी, वेल्डिंगच्या सांध्यांसकट इपॉक्सी रंग. मीठ साध्या रंगाखालून आत शिरतं. टाकी ठेवण्याआधी स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी बघा. भरल्यावर पाचर मारता येत नाही.

नुसतंच_बघतो

खालच्या मजल्यावरच्यांना आधी मासे दाखवायला बोलवा, मग टाकी भरा. :)

मत्स्यगंधा

प्रवाळवेडा यांच्याशी दगड-वाळूबद्दल सहमत. पण 'सायकलची गरज नाही' हे अर्धंच झालं. ९० लिटरच्या टाकीत दगड असून असून १०-१२ किलो असेल. चार फुटी टाकीत तेवढाच ठेवला तर माशांना आडोसा कमी पडेल. नवा कोरडा दगड घालावाच लागणार, आणि त्याचा वेळ वेगळा मोजायला हवा. कोरड्या दगडात कधी वाळलेले जीव अडकलेले असतात, कधी फॉस्फेट मुरलेलं असतं. तो थेट प्रवाळांच्या शेजारी नको.

तुमच्याकडे दुसरी भिंत आहे, हे भाग्य. त्याचा पुरेपूर उपयोग करा. नवी टाकी आधी नळाच्या पाण्याने भरून गळती तपासा, रिकामी करा. मग त्यातच आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेलं) पाणी, मीठ, कोरडा दगड आणि चालू पंप. दिवे बंद, वाळू अजून नको. बाटलीतले जिवाणू घाला आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. ३६० लिटरला अमोनियम क्लोराइड साधारण सव्वादोन ग्रॅम लागतं. हा म्हणजे आपला नवसागरच, पण किराणा-भांड्यांच्या दुकानातला घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर यायला लागले की दगड तयार. चार ते सहा आठवडे धरा. या काळात फॉस्फेटही मोजत राहा. चढत गेलं तर पाणी बदला, नाहीतर फॉस्फेट रिमूव्हर लावा. टाकीत कोणी जीव नसल्यामुळे काहीही करायला मोकळीक असते.

खारं_पाणी

मत्स्यगंधाताई, हे फारच उपयोगी. म्हणजे जुनी टाकी तोवर जशीच्या तशी चालू ठेवायची?

मत्स्यगंधा

हो. आणि शिफ्टिंग झाल्यावरही मोडू नका. पुढे येणाऱ्या प्रत्येक माशासाठी ती क्वारंटाइन टाकी. वाळू-दगड काढून पीव्हीसीचे दोन तुकडे लपायला टाकले की झालं.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इकडे घरं लाकडी, त्यामुळे बीम_कॉलम यांचा मुद्दा आणखी टोकाचा होतो: टाकी फ्लोअर जॉइस्टना आडवी ठेवावी लागते, म्हणजे भार चार-पाच जॉइस्टवर वाटला जातो. बरेच जण सम्प बेसमेंटमध्ये नेतात, पण मग रिटर्न पंपाला (सम्पमधलं पाणी परत टाकीत चढवणाऱ्या) अडीच-तीन मीटर उंची चढावी लागते आणि डब्यावर लिहिलेला प्रवाह निम्म्याच्याही खाली येतो. सम्प टाकीखालीच असला तरी पंप निवडताना डब्यावरचा मोठा आकडा बघू नका, दीड मीटर हेडला (चढाच्या उंचीला) किती लिटर मिळतात तो तक्ता बघा. सम्पमधून तासाला टाकीच्या ३ ते ५ पट पाणी पुरतं, म्हणजे इथे १०००-१५०० लिटर. आतला जोरदार प्रवाह वेव्हमेकरने (टाकीच्या आत बसणाऱ्या प्रवाहाच्या पंपाने) तयार करायचा.

हीटर एक मोठा घेण्याऐवजी दोन १५० वॉटचे, वेगळ्या कंट्रोलरवर. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो. छोटा एकटा अडकला तर टाकी शिजायच्या आत तुमच्या लक्षात येतं. पुण्याच्या डिसेंबरच्या रात्री हीटर लागेलच ना?

खारं_पाणी

लागतो. पण मला एप्रिल-मे ची जास्त धास्ती आहे.

नळजोडणी

सम्पचा विषय निघालाच आहे तर तुमच्याच मापांवर हिशेब करू. इथेच सगळ्यात जास्त फरशा भिजतात.

वीज गेली की रिटर्न पंप थांबतो. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून ते सम्पकडे उतरतं त्या पेटीच्या) कडेपर्यंत खाली येतं आणि रिटर्नच्या तोंडातून उलटा सायफन लागून ते तोंड उघडं पडेपर्यंत आणखी खाली येतं. १२० × ६० ला १ सेंमी म्हणजे ७.२ लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंमी असेल तर ३६ लिटर, वर ओव्हरफ्लोची पेटी आणि पाइपांतले ६-७ लिटर, एकूण ४३. तुमच्या सम्पमध्ये १ सेंमी म्हणजे ३ लिटर. चालू पातळी २५ सेंमी असेल तर वीज गेल्यावर ती साधारण ३९ वर जाणार, आणि सम्पची उंची आहे ४०. एखादा दगड आत पडला तरी सांडेल.

तेच तोंड पाण्याखाली दीड सेंमीवर ठेवा: ११ अधिक ७, म्हणजे १८ लिटर, पातळी ३१. निश्चिंत. पाइपला सायफन तोडायचं छोटं भोक पाडतात, पाडा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. कोरलाइन आणि गोगलगाई ते बुजवतात.

खाली जाणारे पाइप तीन ठेवा. पहिला पूर्ण भरून वाहणारा सायफन, त्यावर गेट व्हॉल्व्ह. दुसरा मोकळा, त्यातून किंचित पाणी. तिसरा कोरडा, आणीबाणीचा, त्याचं तोंड सगळ्यात वर. पहिला तुंबला तरी बाकीचे दोन सांभाळून घेतात आणि गुळगुळ आवाजही येत नाही. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही, गेट व्हॉल्व्हच हवा, आणि तो प्लॅस्टिकचा. पितळी नको, तांबं सुटलं की कोळंबी आणि प्रवाळं गेली.

भोकं कापायला देण्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून टँक निपल (भोकात बसणारा पाइपचा जोड) आणून त्याचा धागा कॅलिपरने मोजा. एक इंची निपल प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो. आणि ज्या काचेला भोक पाडायचं ती टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) नसल्याची खात्री करा, टफन्ड काच ड्रिल लागताच भुगा होते.

सिलिकॉन अॅक्वेरियमचाच, बुरशीरोधक लिहिलेला बाथरूमचा नको. किमान सात दिवस सुकू द्या, पावसाळ्यात दहा. मग साध्या पाण्यावर सगळं चालवून मेन स्विच बंद करायचा, सम्पची पातळी जिथे थांबते तिथे बाहेरून मार्करने रेघ. हे पाच-सहा वेळा करा. मीठ त्यानंतर.

व्होल्ट_अँपिअर

नळजोडणी यांच्या प्रतिसादाला +१. वीज जाण्यावर बोलतोय तर पुढचंही सांगतो. पुण्यात गुरुवारच्या शटडाऊनला टाकीला सगळ्यात आधी कमी पडतो तो ऑक्सिजन. दिवे चार तास नसले तरी काही होत नाही. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नसला तरी चालतं. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे.

त्यामुळे इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर आणि रिटर्न पंप. दोन्ही मिळून ५०-६० वॉट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, पण निम्म्याच्या थोडं वर धरा, हजार. म्हणजे १५ तासांवर निघतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात.

टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच सर्किट तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या. नुसती एमसीबी माणसाला वाचवत नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड सम्पच्या कपाटात ठेवू नका, तिथल्या खारट दमट हवेत पिना हिरव्या पडतात.

नुसतंच_बघतो

बिल किती येईल हो याचं?

व्होल्ट_अँपिअर

दिवे १५० वॉट नऊ तास, १.३५ युनिट. रिटर्न ४० वॉट आणि वेव्हमेकर ४० वॉट चोवीस तास, दोन्ही मिळून १.९. स्किमर २० वॉट, अर्धं. दिवसाला पावणेचार युनिट, महिन्याला ११०-११५. त्यावर उन्हाळ्यात चिलर: पाव एचपीचा साधारण २५०-३०० वॉट ओढतो, मे महिन्यात आठ-दहा तास चालला तर रोज आणखी अडीच-तीन युनिट. घरचा वापर ३०० युनिटच्या आसपास असेल तर महावितरणचा वरचा स्लॅब लागतो, तो धरून हिशेब करा.

तिसऱ्या_मुळे

रत्नागिरीकर. तुम्ही सगळे मीठ विकत घेताय, आमच्याकडे समुद्र दारात आहे. तेच पाणी का नाही वापरायचं?

प्रवाळवेडा

वापरता येतं, अटी आहेत. खाडीच्या तोंडाचं आणि बंदरातलं नको, डिझेल आणि सांडपाणी. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळची खारटी घसरते आणि गाळ प्रचंड असतो, तेव्हा अजिबात नको. उघड्या समुद्रातून, होडीतून, भरतीच्या वेळी घेतलेलं पाणी बारीक फिल्टरमधून गाळून बंद झाकणाच्या पिंपात काही दिवस अंधारात ठेवा, मग खारटी आणि अल्कलिनिटी मोजून वापरा. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी मात्र कोणत्याही ऋतूत नको. पुण्यापर्यंत ३०० लिटर वाहून नेण्यात अर्थ नाही.

पाण्यापर्यंत ठीक, पण किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळ उचलायचं नाही. खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगड हा बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. कृत्रिम किंवा खाणीतला कोरडा दगड घ्या. परदेशातून येणारी कठीण प्रवाळं सायटिसच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत येतात. विकणाऱ्याकडे आयातीचे कागद नसतील तर कितीही सुंदर दिसलं तरी हात लावू नका. समुद्रातलं रीफ ओरबाडून घरातलं रीफ सजवायचं, हे या छंदाच्या मुळावरच येतं. मऊ प्रवाळं एकमेकांच्या टाकीत वाढवून वाटा. ग्रीन स्टार पॉलिप तर नको म्हणेपर्यंत वाढतं.

तिसऱ्या_मुळे

पटलं. दगडाबद्दल हे माहीत नव्हतं.

खारं_पाणी

पाण्याकडे येतो. किती मीठ, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल?

मत्स्यगंधा

नाही चालणार. घरगुती प्युरिफायर चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळतात, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०-१०० ठेवतात. आपल्याला शून्य हवा. मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन असलेला वेगळा संच लागतो. ७५ गॅलनचं मेम्ब्रेन दिवसाला २८० लिटर देतं, पण ते ६० पीएसआय दाबाला. गच्चीवरच्या टाकीखाली दोन-तीन मजले असाल तर दाब त्याच्या जवळपासही नसतो. बूस्टर पंप लावा, नाहीतर पाणी कमी आणि वाया जाणारं जास्त. ते वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा. महापालिकेच्या पाण्यावर रेझिन बराच काळ टिकतं, टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर झपाट्याने संपतं.

मीठ: ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार) लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम, कारण मिठात ओलावा असतो. तुमचं नवं पाणी २९०-३०० लिटर धरलं तर ११ किलोच्या वर. २० किलोची बादली घ्या, बाकीचं पुढच्या पाणीबदलांना. आधी पाणी, त्यात मीठ थोडं थोडं. उलटं केलं तर कॅल्शियम खाली पांढरा साका होऊन बसतो आणि परत विरघळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (खारटी मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा, आरओच्या पाण्यावर नाही. शून्याला बरोबर दाखवणारा ३५ ला दोन-तीनने चुकू शकतो.

मिठाच्या बादलीवर अल्कलिनिटी वाचा. काही मिठं ११-१२ डीकेएच देतात. तुमची टाकी ८.५ वर आहे. मऊ प्रवाळं सहन करतील, पण उगाच कशाला? ८-९ देणारं घ्या.

प्रवाळवेडा

आणि जुन्या टाकीतलं स्वच्छ पाणी, काहीही ढवळण्याआधी, वरून ५०-६० लिटर काढून नव्या टाकीत घाला. जिवाणूंसाठी नाही, त्यात ते नसतातच. नायट्रेट आणि फॉस्फेटसाठी. अगदी कोऱ्या पाण्यात दोन्ही शून्यावर जातात आणि तिथे डायनोफ्लॅजेलेट्सचं फावतं: बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट शेंबूड, जो रात्री कमी होतो आणि दिव्याखाली परत येतो. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ च्या वर राहील असं बघा. सुरुवातीला स्किमर दिवसरात्र आणि वर फॉस्फेट रिमूव्हर, असं दोन्ही एकत्र लावू नका.

हडसनकाठ

डोसबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही. टाकी चौपट झाली म्हणून टू-पार्टचा डोस चौपट करायचा नाही! कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कोरलाइन आणि प्रवाळं खातात, पाणी खात नाही. दगड तेवढाच, कोरलाइन तेवढी, तर रोजचे मिलिलिटर तेवढेच. फक्त आधी दिवसाला ०.३ डीकेएच उतरत होतं ते आता ०.०७-०.०८ दिसेल. पहिले दहा दिवस रोज मोजा. नव्या काचांवर कोरलाइन चढू लागली की मगच हळूहळू वाढवा.

नळजोडणी

तसंच ऑटो टॉप-अपचं (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचं). त्याचं पिंप मुद्दाम छोटं ठेवा. सेन्सर अडकून २० लिटर गोडं पाणी एकदम ३६० मध्ये गेलं तर ३५ चं ३३ होतं, जीव वाचतात. १०० लिटरचं पिंप असेल तर २७ वर जाल, आणि सम्प सांडेल ते वेगळंच. सेन्सर रिटर्नच्या कप्प्यात, बाष्पीभवन तिथेच दिसतं. स्किमरच्या कप्प्याची पातळी आडव्या काचेने स्थिर ठेवा, स्किमरच्या पुस्तिकेत जेवढी खोली सांगितली असेल तेवढीच.

खारं_पाणी

आता उन्हाळा. सध्या छोट्या टाकीवर पंखा लावतो. मोठीला पुरेल का?

व्होल्ट_अँपिअर

पुण्याची एप्रिलची हवा कोरडी, तिथे पाण्यावरून वाहणारा पंखा २ ते ४ अंश उतरवतो. विदर्भातही चांगला चालतो. मुंबईत आणि कोकणात दमट हवेत जेमतेम एखादा अंश. बाष्पीभवन मात्र दिवसाला ५-८ लिटर होईल, त्यामुळे टॉप-अपचं ते छोटं पिंप दर दोन-तीन दिवसांनी भरावं लागेल. पाणी सतत २९ च्या वर जात असेल तर चिलर घ्या. चिलर सम्पच्या बंद कपाटात ठेवू नका, तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो आणि थांबतच नाही. खोलीबाहेर, सावलीतल्या बाल्कनीत, पाइपला इन्सुलेशन घालून. प्लंबिंग करतानाच त्याच्या जोडण्या ठेवा, जरी चिलर पुढच्या वर्षी घेणार असाल.

मत्स्यगंधा

खोली बंद ठेवून एसी लावणाऱ्यांनी पीएच बघा. आत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच ७.८ च्या खाली जातो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर नेली की बराच फरक पडतो. त्याच नळीमुळे दुसरंही टळतं: स्किमर खोलीतली हवा पाण्यात घुसळतो, आणि त्या हवेत डासांच्या लिक्विडची वाफ किंवा झुरळांचा स्प्रे असेल तर पहिली जाते ती कोळंबी. त्यातली पायरेथ्रॉइड्स कवचधारी जीवांना अत्यल्प मात्रेतही मारतात. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी टाकीवर ओलं कापड आणि हवेची नळी बाहेर, किंवा त्या खोलीत करूच नका. टाकीत हात घालण्याआधी हाताला सॅनिटायझर, क्रीम काही नको. घरी काम करणाऱ्या ताईंनाही सांगून ठेवा, काचेवर कोलीन मारायचं नाही.

नुसतंच_बघतो

वाचनखूण साठवली. शिफ्टिंगच्या दिवसाचा क्रम कोणी एका जागी लिहील का?

प्रवाळवेडा

लिहितो. गृहीत: नवी टाकी सायकल झालेली, ३५ पीपीटी, तापमान जुन्या टाकीएवढं. आदल्या दिवशी माशांना खाणं नाही. बाजूला ४०-५० लिटर तयार खारं पाणी जादा.

नव्या टाकीत दगड आधी काचेवर टेकवून रचा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेला दगड खालून मासे किंवा कोळंबी उकरतात आणि ढासळतो. वाळू धुऊन, पाइपमधून खाली सोडून पसरवा आणि पाणी निवळू द्या, हे आदल्या दिवशीच उरका. जुन्या दगडासाठी मधली जागा मोकळी ठेवा.

सकाळी जुन्या टाकीतून वरचं स्वच्छ पाणी काढा: काही थेट नव्या टाकीत, बाकी दोन टबांत. एका टबात सुटी प्रवाळं, एअरस्टोन चालू. दुसऱ्यात दगड, त्यावरच्या झोअँथिड-मशरूमसकट. दगड उचलताना जुन्या टाकीच्या पाण्यातच हलकेच हलवून वरचा गाळ झटका, मग टबात. वरची बाजू वरच राहू द्या. मासे सगळ्यात शेवटी. दगड निघाल्यावर पाणी वीतभर उरलं की फायरफिशही जाळ्यात सहज येतो, दगड असताना त्याच्यामागे लागलात तर तो दमून मरेल. माशांची बादली झाकून ठेवा, फायरफिश उडी मारतो. नव्या टाकीलाही जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं.

दगड नव्या टाकीत, मग प्रवाळं, मग खारटी आणि तापमान जुळल्याची खात्री करून मासे. कोळंबीला अर्धा-पाऊण तास थेंब थेंब पाणी देऊन सोडा, खारटीतला छोटा फरकही तिला जड जातो. सम्पमध्ये कार्बनची पिशवी. स्किमर पहिल्या दिवसांत फेसाळून कप सांडवतो, कप उंच ठेवा. दिवे संध्याकाळपर्यंत बंद.

अमोनिया दुसऱ्या दिवशी, चौथ्या, सातव्या. ०.२५ च्या वर दिसला तर तयार पाण्याने लगेच बदल. नवे दिवे तीव्र असतील तर ४०-५० टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा. मशरूम दिव्यापासून लांब, तळाला. टोडस्टूल आठवडाभर मिटून मेणासारखा थर टाकेल. तो मरत नाहीये, त्याला हात लावू नका, फक्त प्रवाह द्या.

दोन-तीन आठवड्यांनी नव्या दगडावर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतील, मग थोडं केसाळ शेवाळ. औषधं नकोत. टर्बो गोगलगाई आणि धीर.

खारं_पाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम छापून भिंतीला लावतो. निळ्या टँगचं मात्र कोणीच बोललं नाही.

मत्स्यगंधा

कारण उत्तर आवडणार नाही. हेपाटस टँग ३० सेंमीपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांब फेऱ्या मारणारा मासा आहे, त्याला सहा फूट हवेत. चार फुटांत तो बिथरतो, आणि बिथरला की इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) त्यालाच आधी पकडतो. 'लहान आहे तोवर ठेवू' हे चालत नाही, मोठा झाल्यावर घेणारं कोणी मिळत नाही.

हडसनकाठ

टँगच हवा असेल तर ब्रिसलटूथ जातीतला कोले टँग. १८ सेंमीच्या आत राहतो, काचेवरचं आणि दगडावरचं पातळ शेवाळ दिवसभर खरवडतो. चार फूट ही त्याचीही खालची मर्यादा, त्यामुळे एकच. आणि चार-सहा महिन्यांनी, टाकीत शेवाळ चढल्यावर. जुन्या टाकीत चार आठवडे क्वारंटाइन करून.

बीम_कॉलम

निळा रंगच हवा असेल घरच्यांना तर?

मत्स्यगंधा

पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, क्रिसिप्टेरा परासेमा. सात सेंमी, गडद निळा, डॅमसेलांमध्ये त्यातल्या त्यात शांत. एकच ठेवा आणि सगळ्यात शेवटी सोडा, नाहीतर फायरफिशला बिळाबाहेर येऊ देणार नाही.

खारं_पाणी

डॅमसेलचा फोटो दाखवला, घरच्यांची मंजुरी मिळाली. काचवाल्याकडे उद्या माप देतोय. टँक निपल आणलाय, धागा ३३ मिमी भरतोय. भोक किती सांगू?

नळजोडणी

धाग्यापेक्षा २ मिमी मोठं, ३५. काचेच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान एका भोकाएवढं अंतर, दोन भोकांमध्येही तेवढंच. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, आणि नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा फक्त. पाना लावून पिळलात तर काच जाते.